स्वखुशीने

तवंदी घाट उतरला की आधी वास येतो, निपाणी मागून दिसते. फेब्रुवारीचे दिवस आहेत. शेतातली तंबाखू वखारींत येऊन पडली आहे, आणि कडवट, किंचित गोडसर असा तो वास रस्त्यावर कुणीतरी चादर अंथरावी तसा पसरला आहे. बसमध्ये माझ्या शेजारी बसलेल्या बाई बेळगावच्या पलीकडून कुठूनतरी कोल्हापूरला अंबाबाईच्या दर्शनाला निघाल्या होत्या. त्यांनी खिडकीची काच ओढून घेतली, पदर नाकाला लावला आणि माझ्याकडे बघून हिंदीत विचारलं, "इथं माणसं राहतात कशी?" मी म्हटलं, "मी इथंच उतरणार आहे." त्या ओशाळल्या. त्यांना ओशाळवायचा माझा हेतू नव्हता. मला दुसरं काही सुचलं नाही एवढंच.

मी नाक झाकत नाही, यात अभिमानाचं काही नाही. या वासात मी वाढले, त्यामुळे तो मला वास म्हणून कळतच नाही. आपल्या घराला वास असतो तो परक्याला कळतो, आपल्याला नाही, तसंच. आयुष्यात एकदाच मला तो अगदी स्पष्ट जाणवला होता, आणि तोही जिथं तो यायला हवा होता पण येत नव्हता अशा ठिकाणी. निपाणीपासून फार लांब, स्पेनमधल्या सेव्हिल नावाच्या जुन्या शहरात, एका दगडी इमारतीच्या चौकात. तो दिवस मी कुणाला फारसा सांगितलेला नाही. सांगण्यासारखं त्यात घडलं तरी काय? एक मुलगी एकटीच एक शहर बघून संध्याकाळी परत आली. पण काही दिवसांचा अर्थ त्या दिवशी लागत नाही. तो लागायला आणखी दिवस जावे लागतात.

मी तेव्हा स्पेनमधल्याच कोर्दोबा शहरात शिकत होते. माती आणि पाणी हा विषय, दोन वर्षांचा अभ्यासक्रम. तिथवर मी कशी पोचले याची गोष्ट मोठी आहे आणि त्यात माझ्यापेक्षा माझ्या एका शिक्षकांची चिकाटी जास्त आहे, म्हणून ती इथं नको. ऑक्टोबरात एक दिवस गावाला सुट्टी होती. आपल्याकडं ग्रामदैवताच्या यात्रेला शाळा बंद असते तशी तिथंही असते, हे कळल्यावर मला उगाच धीर आला होता. कोर्दोबाचा राखणदार एक देवदूत आहे, त्याचा तो दिवस. बरोबरची मुलं घोळक्यानं नदीकाठी जेवण रांधायला निघाली होती. मलाही बोलावलं होतं. मी सेव्हिल बघायचंय असं सांगून सुटका करून घेतली. खरं कारण निराळं होतं. त्या दिवशी दुपारी माझी आई एक कागद घेऊन विडीच्या कारखान्यात जाणार होती, आणि तो देऊन येईपर्यंत मला कुणाशी बोलावंसं वाटत नव्हतं.

माझी आई विड्या वळते. लग्न होऊन ती निपाणीत आली तेव्हा तिला शेतातलं सगळं येत होतं, हे येत नव्हतं. आमच्या ओळीतच राहणाऱ्या आक्कांनी तिला शिकवलं. आक्का कन्नड बोलणाऱ्या, आई मराठी. पान कसं भिजवायचं, पत्र्याच्या मापावर कसं कातरायचं, चिमटीत जर्दा किती घ्यायचा, हे दोघींनी एकमेकींना हातानंच सांगितलं. भाषा मागून आली. मला आठवतं तेव्हापासून आईच्या मांडीवर सूप आहे. आम्ही पोरं शाळेतून आलो की विडीचं तोंड दुमडायला बसायचो. कारखान्यात तपासणारा माणूस विड्या बघून बोलायचा, 'पास' नाहीतर 'छाट'. छाट म्हणजे नापास झालेली विडी. ती बाजूला पडायची. आईची विडी फारशी छाट व्हायची नाही, आणि हे ती कुणी न विचारता सांगायची. विडी कामगाराच्या एका पिवळट कार्डावर तिचा फोटो आणि तिचं नाव होतं. लग्नानंतर तिचं नाव छापून आलेला तो पहिलाच कागद असावा. त्या कार्डावरच मला शाळेत असताना शिष्यवृत्ती मिळाली, म्हणजे मी इथवर आले त्याची सुरुवात त्या कार्डापासून होते म्हटलं तरी चालेल.

आणि मीच तिच्या मागं लागले होते की आता हे बंद कर. तिला खोकला होता, मान दुखायची, हे खरंच होतं. पण आणखी एक कारण होतं आणि ते मी स्वतःलाही नीट सांगत नव्हते. कोर्दोबात पहिल्या आठवड्यात वर्गात प्रत्येकानं आपल्या घराविषयी बोलायचं होतं. एकाच्या घरी ऑलिव्हची बाग, एकीच्या घरी द्राक्षं, एकाचे आजोबा मेंढरं राखणारे. माझी पाळी आली तेव्हा मी म्हटलं, "आमच्याकडे शेती आहे." आमच्याकडे शेती नाही. वडील ट्रकवर असतात आणि आई विड्या वळते. ते वाक्य माझ्या तोंडून इतक्या सहज गेलं की मीच दचकले. पुढं ते मागं घ्यायला जमलं नाही. मग मला वाटू लागलं की आईनं काम सोडलं तर त्या खोट्याचं वजन निम्मं होईल. हे असं स्पष्ट शब्दांत तेव्हा मनात नव्हतं. पण आता आठवून बघते तेव्हा हेच दिसतं.

सप्टेंबरभर मी फोनवर आईला समजावत राहिले आणि शेवटी ती "बरं बाई" म्हणाली. निपाणी कर्नाटकात, त्यामुळे अर्ज कन्नडमध्ये लागतो. मी मराठी शाळेतली, पण कन्नड तिसरी भाषा म्हणून शिकलेली, आणि अर्ज लिहायचं काम लहानपणापासून माझंच. मी कोर्दोबातल्या माझ्या खोलीत बसून सुवाच्य कन्नड अक्षरांत आईचा राजीनामा लिहिला आणि फोटो काढून पाठवला. भावानं तो दुकानात छापून आणला. अर्जात एक शब्द घालावाच लागतो, 'स्वइच्छेयिंद', म्हणजे स्वखुशीने. मी स्वखुशीने काम सोडत आहे. माझा हात त्या शब्दावर अडखळला नाही.

आगगाडी सकाळची होती. खिडकीतून आधी ऑलिव्ह, मग संत्र्यांचे मळे, आणि मग एकदम पांढरे ठिपके. मला विश्वास बसेना. कापूस होता! ऑक्टोबरातला, फुटलेला, अगदी आपल्यासारखा. मी तोंड काचेला लावून बघत असतानाच आईचा फोन आला. तिच्याकडं तेव्हा दुपारचे बारा वाजून गेले होते.

"कुठं हाईस?"

"रेल्वेत हाय. सुट्टी हाय, एक जुनं शहर बघायला चाललोय."

आमच्याकडं बायकाही 'जातो-येतो' असंच बोलतात. पुण्याची एक मुलगी माझ्या वर्गात होती, तिला ते ऐकून फार हसू यायचं. म्हणून तिच्याशी मी 'जाते-येते' बोलायचे आणि आईशी 'जातो-येतो'.

"एकटीच?"

"व्हय."

"काय हाय बघण्यासारखं?"

"जुनी देवळं हाईत. वाडे."

"मग संकेश्वरला हाय की जुनं देऊळ. त्यासाठी इतक्या लांब कशाला जायाचं?"

मी हसले. मग विचारलं, "कागद घेतलीस न्हवं?"

"घेतलोय. आक्काकडनं वाचून घ्यावं म्हटलं तर ती चष्मा घरात इसरून आलती."

"वाचायचं काय हाय त्यात? मीच लिव्हलोय की."

"ते बी खरंच. पर राजीनामा मंत्र्यांनी द्यायचा असतोय गं. मी कशाचा देतो, मला काय कळंना बघ."

दोघी हसलो आणि फोन ठेवला. गाडी पुढं गेली, कापूस मागं राहिला.

सेव्हिलला तिथली माणसं 'सेविया' म्हणतात. जुनं शहर आपल्याला आधी पायांना कळतं. गल्ल्या इतक्या अरुंद की दोन्ही बाजूंच्या गच्च्यांतल्या कुंड्या एकमेकींशी बोलत असाव्यात. रस्त्याकडेला संत्र्यांची झाडं, फळं अजून हिरवी. ती कडू असतात, कुणी तोडत नाही, असं एका फलकावरून कळलं. शहरात फळानं लगडलेलं झाड आणि त्यावर कुणाचा दगड नाही, हे बघायला मला चमत्कारिक वाटलं. तिथल्या मोठ्या चर्चला एक उंच मनोरा आहे. आधी तो मशिदीचा होता, मग चर्चचा झाला. त्यात पायऱ्या नाहीत, सलग चढ आहे, घोड्यावर बसून वर जाता यावं म्हणून. खाली रांग लांब होती. मी सावलीत उभी राहून मान वर करून त्याच्याकडं पाहिलं आणि पुढं गेले. मालक बदलला तरी मनोऱ्याला आपल्या जागेवरून हलावं लागलं नाही. त्याला कुणी विचारलंही नसेल. सीमाभागात वाढलेल्या माणसाला असले विचार येतात, त्याला इलाज नाही.

एकटीनं हिंडताना माझी एक सवय माझ्याच लक्षात आली. कुठलाही दरवाजा उघडा दिसला की मी आत जाण्याआधी थांबायची. आत जायला चालतं का, कुणाला विचारावं लागतं का, कुणी हटकेल का. बाकीचे प्रवासी बेधडक शिरत होते. मी उंबऱ्याशी थांबून दुसरा कुणी आत जातोय का ते बघायची आणि मग त्याच्या मागं मागं जायची. अशी तीन-चार चर्चं आणि एक बाजार मी दुसऱ्यांच्या पाठोपाठ जाऊन पाहिला.

अकरा वाजून गेल्यावर मी एका फार मोठ्या इमारतीसमोर आले. राजवाडा असावा असं वाटलं. भोवती कोरडा खंदक, दगडी खांब, वर शिंग फुंकणारी मूर्ती. आणि दरवाजावर कोरलेली अक्षरं. मी ती एकेक करून वाचली. फाब्रिका, म्हणजे कारखाना, हे मला येत होतं. शेवटचा शब्द 'ताबाकोस'. त्यासाठी भाषा यायची गरज नव्हती. मी रस्त्यातच थांबले. मागून ट्राम घंटा वाजवत गेली.

पुढं एका पाटीवरून समजलं की शेकडो वर्षांपूर्वी राजानं बांधलेला हा तंबाखूचा कारखाना. हजारो बायका इथं सिगार वळायच्या. तान्ही पोरं पाळण्यात घालून शेजारी ठेवायच्या. बाहेर पडताना त्यांची झडती व्हायची. खंदकही तंबाखू चोरून बाहेर जाऊ नये म्हणून. आता तिथं विद्यापीठ भरतं. पाठीला पिशव्या लावलेली मुलंमुली हसत-खिदळत त्या दरवाजातून आत-बाहेर करत होती.

मी नेहमीप्रमाणं उंबऱ्याशी थांबले. आत एक कर्मचारी बसला होता, त्यानं माझ्याकडं बघून स्पॅनिशमध्ये काहीतरी विचारलं. काही हवंय का, असंच असावं. आणि माझ्या तोंडून आलं, "इल्ल री, सुम्न नोडाक बंदीनि." नाही हो, नुसतं बघायला आलेय.

कन्नडमध्ये.

मला स्पॅनिश थोडं येत होतं, इंग्रजी बरं येत होतं, मराठी तर होतीच. त्यांतलं काहीच पुढं आलं नाही. आमच्याकडं असं होतं. टेबलाच्या पलीकडं कुणी बसलेलं असलं आणि त्यानं काही विचारलं की आपोआप कन्नड बाहेर येतं, प्रत्येक वाक्याच्या शेवटी आदराचं 'री' लावून. तहसील, बँक, बसचा पास, आईच्या कारखान्यातलं ऑफिस, सगळीकडं मी लहानपणापासून आईच्या बाजूनं असंच बोलत आले. स्पेनच्या राजाच्या कारखान्यातही माझ्या जिभेनं ओळखलं की हे ऑफिस आहे. मी लाजेनं लाल झाले. तो माणूस मात्र गोंधळला नाही. त्याला 'री'तली अजिजी कळली असावी. हात आत दाखवून तो म्हणाला, "पासा, पासा." म्हणजे या, या. पण माझ्या कानाला तो पास म्हणाल्यासारखंच वाटलं, आणि मी आत गेले.

आत चौकामागं चौक. एका चौकात कारंजं होतं. उंच खोल्यांमध्ये वर्ग चालू होते. दारं उघडी, कुणीतरी फळ्यावर लिहीत होतं. मी भिंतीला टेकून उभी राहिले आणि नकळत खोल श्वास घेतला. तेव्हा कळलं की वास नाही. इतक्या बायकांनी इतकी वर्षं इथं तंबाखू हाताळली आणि वास शिल्लक नाही. दगड धुवून निघालेत. कॉफीचा आणि ओल्या फरशीचा वास येत होता. मला बरं वाटायला हवं होतं. कारखान्याचं कॉलेज झालं, यापेक्षा चांगलं काय व्हायचं? मी आईच्या मागं लागून जे करत होते ते हेच तर होतं. तरी काहीतरी राहून गेल्यासारखं वाटत राहिलं.

कारंज्याजवळच्या बाकावर एक म्हातारी बाई बसली होती. केस नीट विंचरलेले, मांडीवर पर्स. तिनं सरकून मला जागा करून दिली आणि बोलायला सुरुवात केली. मला सगळं कळत नाही हे तिला लगेच समजलं, पण ती थांबली नाही, फक्त हळू बोलू लागली. तिची नात इथं शिकते, तिची ती वाट बघत होती. मग जमिनीकडं बोट दाखवून म्हणाली, "मी माद्रे, आकी." माझी आई, इथं. त्यांच्या भाषेत 'मी' म्हणजे माझी. मला ते दरवेळी 'मी'च ऐकू येतं, त्यामुळं एक क्षण वाटलं की ती स्वतःलाच आई म्हणवून घेतेय. तिनं दोन्ही हातांची बोटं हवेत फिरवली. सिगार वळत होती. तिच्या आईचं वळणं ती लहानपणी बघत आली असणार, कारण त्या हालचालीत नेम होता.

मी म्हटलं, "मी माद्रे ताम्बियेन." माझी आईसुद्धा.

कोर्दोबात दीड महिना जे मी कुणाला सांगितलं नव्हतं ते एका अनोळखी बाईला तीन शब्दांत सांगून मोकळी झाले. तिनं भुवया उंचावल्या. मी पिशवीतून वहीचं एक पान फाडलं, विडीच्या पानाच्या मापाचं कातरल्यासारखं दुमडून घेतलं, आणि तिला करून दाखवलं. चिमूट घालायची, अंगठ्यानं दाबत वळायचं, वरचं तोंड दुमडायचं. तिनं ती कागदी विडी माझ्या हातातून घेतली, उजेडात धरली, दोन बाजूंनी बघितली आणि मान हलवली. सैल आहे, असं तिचं म्हणणं होतं. तिला विडी माहीत नव्हती, पण सैल वळलेलं तिला कळत होतं. मी हसत सुटले. सेव्हिलमध्ये माझी विडी छाट झाली होती.

मग तिनं विचारलं, तुझी आई अजून काम करते? मी घड्याळ बघितलं. आईकडं तीन वाजले होते. मला भूत-भविष्य नीट जमत नव्हतं, म्हणून मी जेवढे शब्द होते तेवढे वापरले. आज. शेवट. आज काम सोडतेय.

ती जराशी वळून माझ्याकडं बघू लागली. "एया क्येरे?"

तिला हवंय? दोन शब्द. आमच्या पुस्तकाच्या तिसऱ्या धड्यातलं क्रियापद. मला हवं आहे, तुला हवं आहे, तिला हवं आहे. मी ते वहीत पाच-पाच वेळा लिहिलं होतं. उत्तर द्यायला व्याकरण लागणार नव्हतं. सी किंवा नो, हो किंवा नाही, एवढंच.  आणि मी ते आईला कधी विचारलंच नव्हतं. खोकला विचारला होता, मान विचारली होती, कागद पोचला का विचारलं होतं. जे विचारलं नव्हतं ते मात्र अर्जात तिच्या वतीनं लिहून मोकळी झाले होते.

मी उठून कोपऱ्यात गेले आणि आईला फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. तिला फोन पिशवीत ठेवायची सवय आहे आणि पिशवी घट्ट बांधायची. बाकाकडं वळले तेव्हा नात आली होती आणि दोघी निघाल्या होत्या. म्हातारीनं लांबून हात केला. मीही केला.

पुढचे दोन तास मी शहर बघितलं असं म्हणवत नाही. नदीकाठच्या एका भिंतीवर बसले. पाणी हिरवं होतं आणि संथ. होडीतून शाळेची मुलं वल्ही मारत जात होती आणि त्यांचा मास्तर काठानं सायकलवरून ओरडत त्यांच्याबरोबर पळत होता. मी शांतपणे विचार करायचा प्रयत्न करत होते. समजा तिनं कागद दिला, तर? मागं घेता येईल का? मागं घ्यायला अर्ज काय लिहायचा? त्यातही 'स्वइच्छेयिंद' लिहावं लागेल का? असे मूर्खासारखे प्रश्न. दोन वाजता फोन वाजला.

"फोन केलतीस? पिशवीत हुता."

"दिलीस कागद?"

"अगं, ऐक तर. त्यो कारकून मोठ्यानं वाचून दाखवला. सगळं ऐकलो. मग त्यो म्हणाला, स्वइच्छेयिंद. म्हटलं, अण्णा, इच्छा कुणाची म्हणून लिव्हलंय? त्यो म्हणतोय, 'निम्द री, मत्त्यारद?' तुमचीच की, आणि कुणाची? म्हटलं, माझी न्हाय बाबा. माझ्या लेकीची हाय. तिचं नाव घाला."

"मग?"

"मग काय, हसायला लागला. म्हणतोय, लेकीला कार्ड न्हाय, तिचा राजीनामा मी कसा घिऊ? सगळ्या बायका हसल्या. शेवटी कागद परत दिला. म्हणाला, आज्जी, मनाला इचारून या. आज्जी म्हणाला बघ मला, घोडा. माझ्याच वयाचा असंल."

मी भिंतीवरून उतरून चालू लागले. तिकडून आईनं विचारलं,

"रागावलीस व्हय?"

"न्हाय. तुला सोडायचं न्हवतं तर तसं सांगायचं हुतंस की."

"तू इचारलीस कधी? तू सांगत हुतीस. मी ऐकत हुतो."

ती हे तक्रारीच्या सुरात म्हणाली नाही. पानं भिजली आहेत, भात झाला आहे, असं सांगावं तशी म्हणाली. आणि लगेच पुढं, "जेवलीस काय? त्या देवळात परसाद-बिरसाद देत्यात काय न्हाय?"

संध्याकाळच्या गाडीनं परतले. कापसाचं शेत कुठं येतं ते बघायचं ठरवलं होतं, पण झोप लागली.

पुढं मी वर्गात काही जाहीर केलं नाही. पण एकदा शेतावर मातीचे नमुने घेत असताना मेंढरंवाल्या मुलानं माझ्या शेताविषयी विचारलं, तेव्हा मी सांगितलं की शेत नाही, आई विड्या वळते. विडी म्हणजे काय ते समजावण्यातच अर्धा तास गेला. खोटं बोलल्याबद्दल त्यानं काहीच विचारलं नाही. बहुधा त्याला आठवतही नव्हतं. मी एवढे दिवस जे ओझं वाहत होते त्याचा दुसऱ्या कुणाला पत्ताच नव्हता.

आता मी बेळगावात नोकरी करते. आईला काम सोड असं पुन्हा कधी म्हटलं नाही. खोकल्याचं औषध नेऊन देते, दिव्याखाली बसायला पाठीशी एक लाकडी टेकू करून घेतला, एवढंच. या बुधवारी तिचा फोन आला. "शनवारी ये. एक कागद लिवायचाय." कसला, विचारलं तर म्हणाली, "आलीस की सांगतो." म्हणून आज मी त्या बसमध्ये होते.

घरी पोचले तर आई दारात बसली होती आणि मांडी मोकळी होती. आक्का उंबऱ्यावर, आज चष्मा लावून. काल शेवटच्या विड्या देऊन आली, असं आईनं सांगितलं. कुणाला बोलली नव्हती, आक्कांनाही नाही. मी वही काढली, वरती कारखान्याच्या व्यवस्थापकांना उद्देशून मायना लिहिला, तारीख लिहिली, आणि थांबले.

"कारण काय लिव्हू?"

आईनं मोकळी मांडी झटकली. "पुरं झालं म्हणून लिव्ह."

आक्का म्हणाल्या, "'साकाय्तु' अंत बरी." साकाय्तु असं लिही.

"साक न्हवं गं आक्का," आई म्हणाली. "साक म्हंजे कटाळून. मी काय कटाळलो न्हाय."

"मग?" मी विचारलं.

"जेवताना पोट भरलं की ताटावर हात आडवा धरतोय न्हवं? तसलं पुरं."

मी आठवून बघितलं. आक्कांनीही दोन-तीन शब्द सुचवले. एकात थकवा यायचा, एकात रुसवा. कन्नडमध्ये तो शब्द नसेल असं नाही, आमच्या तिघींजवळ तो नव्हता. शेवटी मी कन्नड लिपीत मराठी शब्दच लिहिले, पुरं झालं. अर्जात ते विचित्र दिसत होते.

"कारकुनाला कळायचं न्हाय हे," मी म्हटलं.

"न्हाय कळलं तर मी हाय की सांगायला."

तिनं कागद जवळ ओढला, पेन अगदी टोकाशी धरून सही केली आणि अक्षरं वाळेपर्यंत त्यावर फुंकर मारत राहिली. सोमवारी ती एकटीच जाणार आहे. मी बरोबर यायचं नाही असं तिनं बजावलं आहे. या कागदावरची लिपी आक्कांच्या भाषेची आहे, शब्द आमच्या घरातले आहेत आणि म्हणणं आईचं आहे. माझं त्यात हस्ताक्षर तेवढं. ते मी होईल तितकं सुवाच्य काढलं.